फोन नसलेला नोकिया आणि त्याचे निष्ठावंत

नोकिया म्हटले की आपल्याकडे पहिल्यांदा आठवतो तो ११००. डोक्यावर टॉर्च, रबरी कळफलक आणि दुचाकीवरून पडला तरी बॅटरी बसवून पुन्हा सुरू होणारा. पण फिनलंडच्या याच कंपनीने त्या काळात एक वेगळेच कुटुंब जन्माला घातले होते. त्या कुटुंबातल्या पहिल्या तीन यंत्रांवरून साधा फोनही लावता येत नसे. सिम कार्डाला जागाच नव्हती. रुंद पडदा, वाय-फाय, ब्लूटूथ आणि पडद्यावर टेकवायला प्लास्टिकची लेखणी, एवढाच संसार. कंपनीने त्यांना ‘इंटरनेट टॅब्लेट’ म्हटले. आयपॅड यायला तेव्हा पाच वर्षे अवकाश होता.

ही यंत्रे बाजारातून जाऊन दीड दशक उलटले. तरी जगात आजही थोडे लोक ती वापरतात. कोणी रात्री पुस्तक वाचायला, कोणी रेडिओ ऐकायला, कोणी घरातल्या मोठ्या संगणकाला दुरून आज्ञा द्यायला. याला हौस म्हणा किंवा हट्ट. पण या हट्टापोटी एक चांगला प्रश्न समोर येतो. यंत्र म्हातारे होते म्हणजे नेमके काय होते? त्याचे अवयव थकतात, की भोवतालचे जग पुढे निघून जाते? पाच वर्षांत फोन बदलणाऱ्या आपल्यासारख्यांनाही हा प्रश्न लागू आहे. आपल्या घरातल्या खणातही असे दोन-तीन मृत घोषित केलेले फोन पडलेले असतात.

२५ मे २००५ रोजी न्यूयॉर्कमधील एका लिनक्स परिषदेत नोकियाने ‘७७०’ जाहीर केला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तो विक्रीला आला. ६४ मेगाबाइट रॅम, १२८ मेगाबाइट साठवण, आणि वरून सरकवून बसवायचे धातूचे झाकण. झाकण बसवले की यंत्र झोपी जाई. आतली प्रणाली ‘माएमो’ नावाची होती. ती डेबियन या मुक्त लिनक्सवर बेतलेली होती, म्हणजे टेबलावरच्या संगणकाचीच सख्खी भावंडे त्या चिमुकल्या डबीत होती. जानेवारी २००७ मध्ये लास वेगासच्या प्रदर्शनात ‘एन८००’ आला. त्यात रॅम दुप्पट, पूर्ण आकाराच्या दोन एसडी कार्डांसाठी खाचा, बाहेर डोकावणारा फिरता कॅमेरा, टेबलावर उभे करायला मागे टेकू आणि एफएम रेडिओ होता. त्याच आठवड्यात सॅन फ्रान्सिस्कोला ॲपलचा पहिला आयफोन जाहीर झाला, आणि एन८००कडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. गंमत म्हणजे आयफोनचा पडदा होता ४८० बाय ३२० बिंदूंचा, तर एन८००चा ८०० बाय ४८०, म्हणजे अडीचपट बिंदू. वेबपान पूर्ण रुंदीत दिसे, आडवे सरकवावे लागत नसे. वर्षाअखेरीस सरकता कळफलक आणि जीपीएस घेऊन ‘एन८१०’ आला. २००९ मध्ये ‘एन९००’ आला, आणि या घराण्यात पहिल्यांदा फोन शिरला.

पुढची कथा उद्योगजगतात अनेकदा सांगून झाली आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये माएमो आणि इंटेलची मोब्लिन यांचे लग्न लावून ‘मीगो’ करण्यात आली. वर्षभरातच, ११ फेब्रुवारी २०११ रोजी, नोकियाने मायक्रोसॉफ्टचा हात धरला आणि मीगो वाऱ्यावर सुटली. २०१४ मध्ये फोनचा धंदाच मायक्रोसॉफ्टकडे गेला. टॅब्लेटवाल्यांना मायबाप उरले नाहीत. यापुढचे सारे आयुष्य त्या यंत्रांनी पोरकेपणात काढले आहे, आणि विज्ञानाच्या दृष्टीने रंजक भाग इथूनच सुरू होतो.

आधी थकते ती बॅटरी

कोणत्याही हातातल्या यंत्रात सर्वांत अल्पायुषी अवयव बॅटरी. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे आयन एका टोकाच्या कोबाल्टयुक्त ऑक्साइडपासून दुसऱ्या टोकाच्या ग्राफाइटपर्यंत ये-जा करतात. पहिल्याच चार्जिंगमध्ये ग्राफाइटवर एक अतिसूक्ष्म थर जमतो. तो आवश्यकच असतो. तो नसेल तर आतला द्रव ग्राफाइटशी सतत अभिक्रिया करत राहील. पण हा थर वर्षानुवर्षे जाड होत जातो, आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम कायमचे गिळतो. गेलेले लिथियम परत येत नाही. म्हणून काहीशे वेळा चार्ज केल्यावर बॅटरीची क्षमता मूळच्या ऐंशी टक्क्यांवर येते.

ही झीज वापरण्याने होते तशीच नुसती ठेवून दिल्यानेही होते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवलेली बॅटरी साधारण २५ अंश तापमानातही वर्षभरात सुमारे एक-पंचमांश क्षमता गमावू शकते. चाळीस अंशांत त्याहून पुष्कळ जास्त. नागपूर-चंद्रपूरच्या एप्रिल-मेमध्ये बंद खोलीतल्या लोखंडी कपाटात काय होत असेल, याचा हिशोब प्रत्येकाने करावा. याउलट पूर्ण रिकामी करून ठेवलेली बॅटरी इतकी खाली जाते की आतले संरक्षक सर्किट तिला पुन्हा चार्ज होऊ देत नाही. जुने यंत्र जपून ठेवायचे असेल तर चाळीस-पन्नास टक्के चार्ज करून, शक्य तर बॅटरी बाहेर काढून, घरातल्या थंड जागी ठेवावे आणि चार-सहा महिन्यांनी एकदा पाहावे.

‘बॅटरी बाहेर काढून’ हे तीन शब्द आजच्या फोनच्या बाबतीत निरर्थक झाले आहेत. या जुन्या टॅब्लेटच्या आयुष्याचे अर्धे रहस्य तिथेच आहे. मागचे झाकण नखाने उघडते. शिवाय नोकियाने या यंत्रांसाठी वेगळी बॅटरी घडवली नाही, फोनमधलीच वापरली. एन८१०ची बीपी-४एल म्हणजे आपल्याकडे एकेकाळी दर दुसऱ्या सेल्समनच्या खिशात असलेल्या ई७१ आणि ई६३ची बॅटरी. एन९००ची बीएल-५जे म्हणजे ५८०० एक्सप्रेस म्युझिक आणि ५२३० यांची; पुढे ल्युमिया ५२० लाही तीच. हे फोन कोट्यवधींनी विकले गेले, त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात. एन९०० सोडला तर चार्जरही तोच, बारीक पिनचा, जो अजून अनेक घरांत सापडेल. सुटे भाग इतरांशी सामायिक असणे हा दीर्घायुष्याचा किती मोठा आधार आहे, हे आपल्याकडच्या कोणत्याही स्कूटर मेकॅनिकला सांगावे लागत नाही.

उलट उदाहरणही याच घराण्यात आहे. ७७०मध्ये आखूड आकाराचे आरएस-एमएमसी कार्ड लागे. ते कार्ड बाजारातून नाहीसे झाले आणि ७७०ची साठवण वाढवणे अवघड होऊन बसले. यंत्र धडधाकट, पण खाऊ घालायला काही नाही.

नव्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांबद्दल मात्र सावध राहावे. मूळ बॅटरी १५०० मिलिअँपिअर-तासांची असताना त्याच आकारात दुप्पट आकडा छापलेला दिसला, तर तो छापखान्याचा पराक्रम समजावा. स्वस्त नकलांमध्ये संरक्षक सर्किट वगळलेले असू शकते, आणि धोका तिथे आहे. ऑगस्ट २००७ मध्ये खुद्द नोकियाला बीएल-५सी प्रकारच्या, दुसऱ्या कंपनीने बनवलेल्या, सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्यांबद्दल अतितापाचा इशारा द्यावा लागला होता. भारतात त्याची केवढी धास्ती पसरली होती, हे अनेकांना आठवत असेल. जुन्या यंत्राचे मागचे झाकण नीट बसेनासे झाले किंवा टेबलावर ठेवल्यावर यंत्र डुगडुगू लागले, तर बॅटरी फुगली आहे. आतल्या द्रवाचे विघटन होऊन वायू साठलेला असतो. ती दाबू नये, टोचू नये, ‘एकदा चार्ज करून बघू’ असे तर मुळीच करू नये. कोरड्या जागी, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवून ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. कचऱ्याच्या गाडीत टाकलेली अशी बॅटरी गाडीत चेपली गेली की आग लागू शकते.

साठवणीच्या चिपचे वयही मोजता येते. फ्लॅश मेमरीत लिहिण्यापूर्वी जागा विद्युतदाबाने पुसावी लागते, आणि प्रत्येक पुसण्यात इलेक्ट्रॉन अडवून धरणारा पातळ थर थोडा झिजतो. त्या काळच्या चांगल्या चिपमध्ये एकेक खण साधारण लाखभर वेळा पुसता येई. आजच्या स्वस्त चिपांपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. एका पेशीत एकच बिट ठेवण्याची ती उधळपट्टी आज फळाला आली आहे. तरीही जाणकार मूळ चिपला हात लावत नाहीत. एसडी कार्डावर प्रणाली बसवतात आणि यंत्र तिथूनच सुरू करतात. कार्ड बिघडले की दुसरे घालायचे.

धडधाकट, पण दार उघडत नाही

आता खरी अडचण. समजा बॅटरी नवी आहे, पडदा स्वच्छ आहे, वाय-फाय जोडले गेले. (तेही अजून जोडले जाते. ही यंत्रे २.४ गिगाहर्ट्झवर जुन्या ‘बी’ आणि ‘जी’ प्रकारचे वाय-फाय बोलतात, आणि घरातले बहुतेक राउटर अजून ती भाषा विसरलेले नाहीत.) ब्राउझर उघडून एखाद्या वृत्तपत्राचे संकेतस्थळ मागितले, तर पान येत नाही. सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही, एवढाच निरोप मिळतो.

यंत्रात काहीही मोडलेले नसते. आज जवळजवळ प्रत्येक संकेतस्थळ आणि आपण यांच्यातला संवाद कुलूपबंद असतो. त्या कुलपाच्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९९ची, दुसरी २००६ची. तिसरी, म्हणजे १.२, आली ऑगस्ट २००८ मध्ये. एन८०० आणि एन८१० तोवर दुकानांत येऊन गेले होते. पहिल्या दोन आवृत्त्यांतल्या फटी उघड झाल्या, २०२० मध्ये मोठ्या ब्राउझरांनी त्यांना निरोप देण्याचे ठरवले आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे मानक ठरवणाऱ्या संस्थेने त्या अधिकृतपणे मोडीत काढल्या. जुना टॅब्लेट जुन्या पद्धतीने दार ठोठावतो. आतून कोणी उघडत नाही.

दुसरी अडचण शिक्क्यांची. समोरचे संकेतस्थळ खरे आहे की तोतया, हे ठरवायला यंत्र प्रमाणपत्र पाहते, आणि त्या प्रमाणपत्रावर सही करणाऱ्या मोजक्या ‘मूळ’ संस्थांची यादी यंत्रात आधीच भरलेली असते. दाखल्यावर तहसीलदारांचा शिक्का ओळखावा तसे. पण या मूळ प्रमाणपत्रांनाही मुदत असते. ३० सप्टेंबर २०२१ रोजी असेच एक फार वापरातले मूळ प्रमाणपत्र संपले आणि जगभरातल्या असंख्य जुन्या फोन, दूरचित्रवाणी संच आणि खेळयंत्रांना त्या दिवसापासून लाखो संकेतस्थळे तोतया वाटू लागली. चालू यंत्रांना नवी यादी अद्ययावतीकरणातून मिळाली होती. पोरक्यांना कोण पाठवणार?

तिसरे कारण वजनाचे. आजच्या सर्वसाधारण वेबपानाचे ओझे दोन मेगाबाइटच्या पुढे गेले आहे, आणि ते उलगडून दाखवायला लागणारी रॅम त्याच्या कितीतरी पट. एन८००कडे सगळी मिळून १२८ मेगाबाइट. त्यात खुद्द प्रणालीही राहते. बातमी तीनशे शब्दांचीच असते. बाकीचे सामान जाहिराती, माग काढणारे प्रोग्राम आणि आपोआप सुरू होणारे व्हिडिओ यांचे. यंत्र मंद झाले असे आपण म्हणतो, तेव्हा अनेकदा रस्त्यावरची खडी वाढलेली असते.

आणि काही दुकानेच उठली. या टॅब्लेटची एके काळची शान म्हणजे फ्लॅशवरचे व्हिडिओ. ॲडोबीने फ्लॅशचा पाठिंबा ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला. स्काइपवरून परदेशातल्या मुलाशी बोलता येणे हे एन८००चे मोठे आकर्षण होते. ५ मे २०२५ रोजी स्काइपच बंद झाले.

मग निष्ठावंत करतात काय? बरेच काही. घरात एखादा लहान, स्वस्त संगणक चालू ठेवतात. तो बाहेरच्या जगाशी नव्या कुलपाने बोलतो, पान आणतो, त्यातला कचरा काढतो आणि उरलेला मजकूर घरातल्या घरात साध्या रूपात टॅब्लेटला देतो. दुभाष्याच म्हणा ना. पुस्तके आधी कार्डावर भरून ठेवतात. एफबीरीडर हा पुस्तकवाचक या पडद्यावर आजही उत्तम चालतो. २२५ बिंदू प्रतिइंच इतकी दाट अक्षरे ७७०ने २००५ मध्ये दिली होती, ती जुनी झालेली नाहीत. एन८००चा एफएम रेडिओ तर हेडफोनच्या तारेचा अँटेना करतो. त्याला इंटरनेटशी देणेघेणेच नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण निष्ठेच्या भरात ती विसरली जाते. अशा यंत्रातल्या सुरक्षेच्या फटी बुजवायला आता मूळ कंपनी नाही. त्यावरून बँक, यूपीआय, आधारशी जोडलेले काहीही किंवा मुख्य ईमेल उघडू नये. त्यात पासवर्ड साठवू नये. शक्य असेल तर राउटरमधल्या ‘गेस्ट’ जाळ्यावर त्याला वेगळे बसवावे. हाच नियम अपडेट थांबलेल्या कोणत्याही अँड्रॉइड फोनला लागू आहे. आजोबांकडे दिलेल्या जुन्या फोनला तर विशेषच, कारण पेन्शनचा संदेश त्यावर येतो. गाणी, छायाचित्रे, गजर, पुस्तके यांसाठी जुना फोन खुशाल द्यावा. पैशाच्या व्यवहारांसाठी मात्र चालू अपडेट असलेला, मग तो साधा का असेना.

खिडकी उघडी ठेवल्याचा फायदा

त्याच काळातली इतर कितीतरी हाती यंत्रे आज निव्वळ पेपरवेट आहेत. मग हीच का तगली? उत्तर बरेचसे खुलेपणात आहे. मालकाला यंत्राची पूर्ण किल्ली मिळू शकत होती. एन८००च्या ॲप्लिकेशन यादीत नवा पत्ता म्हणून ‘मॅट्रिक्स’ असे लिहून रद्द केले की लाल गोळी हवी की निळी, असा प्रश्न यंत्र विचारी. लाल निवडली की लपवलेले सारे उघडे. अभियंत्यांनी हा चावटपणा मुद्दाम ठेवला होता. ७७०ला पुढच्या आवृत्त्या अधिकृतपणे मिळाल्या नाहीत, तेव्हा नोकियातूनच ‘हॅकर एडिशन’ या नावाने, आपापल्या जबाबदारीवर वापरा म्हणून, त्या बाहेर आल्या. आज कोणती कंपनी असे करेल?

या यंत्रांना चालवणाऱ्या कोडचा मोठा भाग लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये गेला. एकदा तिथे गेलेले कोड जगातले अनोळखी लोक सांभाळतात. मूळ कंपनी राहो न राहो. आणि जे खुले नव्हते, तिथेच यंत्रे अडली, हेही तितकेच खरे. एन८००च्या वाय-फायचा मूळ चालक प्रोग्राम अंशतः बंद होता. खुला पर्याय लिहिला गेल्यावर नव्या कर्नलची वाट मोकळी झाली. एन९००ची बॅटरी किती प्रवाहाने चार्ज करायची हे ठरवणारा प्रोग्राम बंद होता. स्वयंसेवकांना चिपच्या माहितीपत्रकांवरून आणि निरीक्षणातून तो नव्याने लिहावा लागला. चार्जिंगच्या प्रोग्राममध्ये चूक झाली तर काय होते हे वर आलेच आहे, तेव्हा हे काम धाडसाचे. चित्रे काढणारी चिप आजही डोकेदुखी आहे. तरीही ‘माएमो लेस्टे’ नावाचा स्वयंसेवी प्रकल्प एन९००वर नव्या पायाची प्रणाली चालवतो, आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘पोस्टमार्केटओएस’ने फोनचे आयुष्य दहा वर्षे करण्याचे ध्येय घेतले, तेव्हा सुरुवातीच्या यंत्रांत एन९०० होताच. सगळेच प्रयत्न फळले नाहीत. जुन्या एन९००च्या कवचात नवे मदरबोर्ड बसवण्याचा एक महत्त्वाकांक्षी प्रकल्प २०१३ मध्ये जाहीर झाला, अनेकांनी पैसे भरले, पण तयार बोर्ड ग्राहकांच्या हाती काही पडले नाही.

इतका खटाटोप माणसे का करतात, यावर मानसशास्त्राकडे दोन जुनी उत्तरे आहेत. कानेमन, नेच आणि थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले. विकायचा तर किती घ्याल, असे विचारले. ज्यांना मग मिळाले नव्हते ते जी किंमत द्यायला तयार होते, तिच्या दुप्पट किंवा अधिक किंमत मगवाल्यांनी मागितली. मग मिळून काही मिनिटेच झाली होती! वस्तू आपली झाली की तिचे मोल वाढते. दुसरा प्रयोग नॉर्टन, मोशॉन आणि अॅरिएली यांचा, २०१२चा. स्वतः घडी घातलेले ओबडधोबड कागदी पक्षी लोकांना तज्ज्ञांच्या पक्ष्यांइतकेच मोलाचे वाटले. स्वतःच्या हाताने सोडवलेली अडचण वस्तूला चिकटून राहते. ज्याने तीन रात्री जागून टॅब्लेटमध्ये नवे कर्नल बसवले, तो तो टॅब्लेट टाकणार नाही.

पण निष्ठेला केवळ मनाचा भ्रम म्हणून निकालात काढणे घाईचे ठरेल. या यंत्रांत निरोपांचा भडिमार नाही. पुस्तक वाचताना वरून काही टपकत नाही. लेखणीने किंवा नखाने दाबले की चालणारा पडदा बोटाच्या विजेवर नव्हे, तर दोन पातळ थर एकमेकांना टेकण्यावर चालतो, म्हणून हातमोजे घालूनही चालतो. थंड देशांत ही लहान बाब नाही. ज्या कामासाठी घेतले ते काम होत असेल, तर बदलायचे कशाला, हा प्रश्न तर्कदुष्ट नाही.

त्याला पर्यावरणाची बाजूही आहे. हातातल्या यंत्राच्या पूर्ण आयुष्यातल्या कार्बन उत्सर्जनाचा बहुतांश वाटा ते बनवतानाच होऊन गेलेला असतो. चार्जिंगची वीज त्यामानाने किरकोळ. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरासाठी गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला बराच दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत हाताने फोडला जातो, तारा जाळून तांबे काढले जाते. शिसे आणि धूर सर्वांत आधी मुलांच्या शरीरात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये यावर स्वतंत्र अहवालच काढला. एकट्या जुन्या टॅब्लेटने यात काय फरक पडतो, असे कोणी विचारेल. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो. पाठिंबा केव्हा तोडायचा हे फक्त विकणाऱ्याने ठरवायचे, ही सवय बाजाराला लागली आहे.

ती मोडण्याचे प्रयत्न आता कायद्याकडून होत आहेत. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या फोन आणि टॅब्लेटच्या मॉडेलला, त्याची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे प्रणालीचे अपडेट आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे देणे बंधनकारक झाले. बॅटरी ८०० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. फेब्रुवारी २०२७ पासून ग्राहकाला स्वतः बदलता येण्याजोग्या बॅटरीचा नियमही, काही अपवाद सोडून, येतो आहे. म्हणजे नखाने उघडणारे नाही, तरी निदान साध्या स्क्रू-ड्रायव्हरने उघडणारे झाकण परतेल. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. त्यावर दुरुस्तीची माहिती मिळते. अपडेट किती वर्षे द्यायचे याचे बंधन मात्र आपल्याकडे त्यातून आलेले नाही. फोन घेताना दुकानदाराला कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल विचारतो तसे ‘सुरक्षा अपडेट कोणत्या सालापर्यंत?’ हे विचारायला हरकत नाही. अनेक कंपन्या आता ते साल सांगतात.

या जुन्या टॅब्लेटपुढे आणखी एक तारीख उभी आहे. ही यंत्रे वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या सेकंदांत, आणि तो आकडा ३२ बिटांच्या खोक्यात ठेवतात. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी, मंगळवारी, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ते खोके भरेल. मूळ प्रणालीवरचे एन८०० पुढच्या सेकंदाला १९०१ सालच्या डिसेंबरात जाईल. लिनक्स कर्नलमध्ये ३२ बिटांच्या यंत्रांसाठीची दुरुस्ती २०२०च्या ५.६ या आवृत्तीपर्यंत पूर्ण झाली, डेबियनने २०२५च्या आवृत्तीत बहुतेक ३२ बिटी यंत्रांसाठी मोठे खोके स्वीकारले. ज्यांच्या टॅब्लेटवर नवे कर्नल आणि नवी प्रणाली चढेल, त्यांचे घड्याळ त्या मंगळवारी पुढेच जाईल. बॅटरी तोवर आणखी दोनदा तरी बदलावी लागेल.